दहा बाय चारचा अभ्यास दौरा

माणूस एखाद्या गावाला जाऊन येतो, यात विशेष काही नाही. तो जाऊन आला हे सिद्ध करणे, हे खरे कष्टाचे काम. (पूर्वी काशीहून आलेला माणूस गंगेचा गडू दाखवत असे. आता गडूवर कोणी विश्वास ठेवत नाही.)

दिंडोरीत द्राक्षबागांच्या औषधांचे दुकान चालवणारे योगेशभाऊ हे तत्त्व कोळून प्यायले होते. ज्या बागायतदारांनी हंगामात ठरलेले लिटर औषध उचलले, अशा नऊ जोडप्यांना कंपनीच्या वतीने ते केरळात आलेप्पीला घेऊन निघाले. सहल म्हणायची नाही, अभ्यास दौरा म्हणायचा. गाव समुद्रकाठचे, घराघरासमोर कालवा; तेव्हा अभ्यास अर्थातच पाण्याचा. कंपनीची अट एकच होती: प्रत्येक स्थळी बॅनरसह फोटो. फोटो नाही, तर पुढच्या वर्षी दौरा नाही. अट रास्तच म्हणायची.

या नऊ जोडप्यांत केरूनाना आणि सिंधुबाई होते. सिंधुबाईंचे वय अठ्ठावन्न. त्यांनी धरणे पाहिली होती, गोदावरीचा पूर पाहिला होता, समुद्र पाहिला नव्हता. निघताना शेजारच्या भागुबाई त्यांना म्हणाल्या, "मला काय आणू नको. समुद्र कसा असतो तेवढं नीट बघून ये नि मला सांग. टीव्हीतला नाय, खरा." भागुबाईंचे गुडघे अंगणापर्यंतच चालत. त्यामुळे ही जबाबदारी सिंधुबाईंनी फार मनावर घेतली.

नाशिकरोडला गाडी थोडाच वेळ थांबते. तो वेळ बॅनरला लागला आणि सामान सुटत्या गाडीत फेकावे लागले. पण फोटो उत्तम आला.

योगेशभाऊंनी 'आलेप्पीत करण्यासारख्या एकवीस गोष्टी' मोबाइलवरून छापून, लॅमिनेट करून गळ्यात अडकवल्या होत्या. हाउसबोट, दीपगृह, काथ्याचे दुकान, शहाळे पिणे (फोटोपुरते), हत्ती (असल्यास). समुद्र एकविसावा होता, कारण तो कुठे जात नाही. प्रत्येक स्थळाला चौदा मिनिटे मिळत. बॅनर उलगडणे तीन, माणसे उंचीने लावणे चार, कुणीतरी डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो पाच, बॅनरची घडी दोन. स्थळ बघायला उरलेली मिनिटे ज्याची त्याने मोजून घ्यावीत.

बॅनर दहा फूट बाय चार फूट. तो सगळ्यांच्या मागे धरायचा, म्हणजे त्यावरची कंपनीची बाटली दिसते. त्याच्याआड स्थळ झाकले जाई, पण पुरावा बॅनरचा हवा होता, स्थळाचा कुणी मागितला नव्हता. डाव्या टोकाच्या दोऱ्या केरूनाना आणि सिंधुबाईंकडे आल्या. घडीही सिंधुबाईंकडेच आली, कारण योगेशभाऊंच्या मते नऊवारीची घडी घालणाऱ्या हाताला बॅनर काय जड?

हाउसबोटीवर सिंधुबाईंचे तोंड फोटो काढणाऱ्या योगेशभाऊंकडे होते आणि योगेशभाऊंच्या मागे बोटीचे स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर त्यांनी अगदी बारकाईने पाहिले.

"योगेशभाऊ, जरा मागं वळून बघू का?" त्यांनी विचारले.

"फोटो झाल्यावर, काकू."

फोटो झाल्यावर घडी होती. घडी झाली तेव्हा बोट काठाला लागली होती. केरूनानांचा अभ्यास मात्र जोरात चालला होता. बागेच्या पाण्याचे क्षार मोजायचे मीटर त्यांनी खिशातून आणले होते, दिसेल त्या पाण्यात ते बुडवून ते म्हणत, "लय खारं हाय. बागेला चालायचं नाय." कालवा बागेला द्यावा असे कुणीच सुचवले नव्हते, तरी आठ जणांनी माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी सकाळी समुद्र आला. सकाळ योगेशभाऊंनी मुद्दाम निवडली, कारण तिथे सूर्य जमिनीकडून उगवतो आणि तोंडावर उजेड छान पडतो. वाराही सकाळी जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. हे यादीत नव्हते.

"काकू, दोरी वर घ्या. हसा."

मागून समुद्राचा आवाज येत होता. सिंधुबाईंना रडू फुटायचेच बाकी राहिले. दुपारी परतीची गाडी होती. घरी गेल्यावर भागुबाईला सांगायचे काय? योगेशभाऊंच्या मोबाइलचे कव्हर निळे आहे म्हणून?

त्यांनी दोरी सोडली.

बॅनर फाडकन उलटला, केरूनानांची टोपी घेऊन उरलेल्या तिघांच्या हातून सुटला आणि लाटांवर जाऊन पडला. तो कुठे गेला हे बघायला नऊच्या नऊ जोडपी चार दिवसांत पहिल्यांदा मागे वळली, आणि उरलेली अकरा मिनिटे तशीच उभी राहिली. मग केरूनाना म्हणाले, "एवढं पाणी, नि एक मोटार नाय." मीटर त्यांनी खिशातच ठेवले. सिंधुबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेल्या होत्या.

(बॅनर दुपारी एका कोळ्याला सापडला व त्याने तो होडीवर सावलीला बांधला. दौऱ्याचा स्थानिकांना झालेला लाभ एवढाच.)

घरी येताच सिंधुबाई भागुबाईंच्या अंगणात बसल्या. "पाय ठेवला की खालची वाळू ओढून नेतो. उभंच राहू देत नाय. मंग पुन्हा येतो नि पायाशी लागतो, चूक झाल्यावानी."

भागुबाईंनी आपले पाय अंगणातल्या मातीत जरा पुढे सरकवले. मग म्हणाल्या, "झाला बघून माझा."

योगेशभाऊंनी कंपनीला अहवाल पाठवला: स्थळे एकवीस, पूर्ण वीस. स्थळ क्रमांक एकवीस, समुद्र: पाहिला नाही (पुरावा उपलब्ध नाही). अहवाल मंजूर झाला. पुढच्या वर्षी बॅनरला दोरीऐवजी लोखंडी चौकट येणार आहे.

योगेशभाऊंना वाचकांनी खुशाल हसावे. फक्त त्याआधी आपल्या मोबाइलमधले समुद्राचे फोटो उघडावेत, आणि प्रत्येकात आपण कुणीकडे तोंड करून उभे आहोत, तेवढे बघून घ्यावे.