तात्यांचे दिपोटी

माझ्या मुलीची परीक्षा घ्यायची म्हटली की तात्या आधी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेत. वैशाख असो, आतली माणसं उकडून निघोत. शेवटच्या खिडकीची कडी ओढून बघत आणि मग म्हणत, "आता होऊ द्या."

तात्या आमचे घरमालक. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा मी साताऱ्याकडून तिथं कारकून म्हणून आलो आणि उमरोळीत त्यांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तात्या एकटेच राहत, भाजीची वाडी करत. नंदाचा अभ्यास घेणं हे बापाचं काम, मला मान्य आहे. पण कामावरून परतल्यावर तिनं पाढा सुरू केला की तो अर्धा होईपर्यंत मी घोरू लागे. मग तीच मला पांघरूण घाली. याची लाज मला अजून वाटते.

नंदा चौथीत होती. तोंडी परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटी साहेब येत. घरी पोरीला सगळं येई, परक्या माणसापुढं मात्र तोंडाला कुलूप. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "यंदाही गप्प राहिली तर पुन्हा चौथीतच बसेल."

मी हवालदिल. तात्या शांत. "अभ्यास तिला येतो. दिपोटीची सवय नाय. ती आमी लावू."

आणि उमरोळीत दिपोट्यांचं पीक आलं.

माझा लग्नातला काळा कोट तात्यांनी मागून नेला. पहिले दिपोटी ते स्वतः. वर कोट, टोपी, हातात काठी, खाली गुडघ्यापर्यंत वाडीचा चिखल. नंदा इतकी हसली की परीक्षा रद्द झाली. मग कोटात पोस्टमन आला, स्टेशनवरचा पोर्टर आला. एकदा बोईसरहून एक भय्या मुकादम धरून आणला. "बेटी, नौ सत्ते?" त्यानं दरडावलं. "तिरसठ," नंदा म्हणाली आणि त्यालाच बाराचा पाढा विचारला.

एकदा मलाही कोटात घातलं. मी खोकलो.

"नाय जमला," तात्या म्हणाले. "दिपोटी पोटातून खोकतो. उतरवा कोट."

मुलीदेखत मी नापास झालो.

परीक्षेच्या दिवशी खरे दिपोटी आले. काळा कोट, टोपी, खोकला. नंदाला वाटलं, हाही तात्यांनीच पाठवलेला. त्यांनी विचारलं ते सगळं तिनं धडाधड सांगितलं आणि वर म्हणाली, "खोकला बरा जमलाय. पण तुम्ही खिडक्या लावायला विसरलात. तात्या रागावतील."

हेडमास्तरांनी भिंतीचा आधार घेतला. दिपोटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंदा पास झाली.

त्याच महिन्यात मला वसाहतीत क्वार्टर मिळालं. मी बातमी सांगितली तेव्हा तात्या म्हणाले, "बरं झालं. पोरीला शाळा जवळ." आणि वाडीला पाणी घालायला गेले. पाणी नुकतंच घालून झालं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ते कोट परत द्यायला आले. निखारे भरलेला तांब्या फिरवून त्याला इस्त्री केली होती. नंदानं तो अंगात घातला. घोट्यापर्यंत आला.

"तात्या, आता तुमची परीक्षा."

"आमची कसली, बाय? आमी चौथी केलीच नाय."

"का?"

"दिपोटी आला न् आमी खिडकीतून उडी मारली. आयेनं मार मार मारलं, पण शाळेत परत गेलो नाय." ते हसत होते.

नंदा खोकली. अगदी पोटातून. तात्यांचं हसू थांबलं. ते उठले आणि हाताची घडी घालून भिंतीशी उभे राहिले.

"नऊचा पाढा म्हणा."

त्यांनी सुरुवात केली. हा पाढा वर्षभर त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतला होता, पण सहापाशी आवाज कापायला लागला. कपाळावर घाम आला. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. ती सताड उघडी होती. मी लावायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. त्यांनी कोटातल्या नंदाकडं बघितलं.

"नऊ सत्ते त्रेसष्ट."