मिशीवाल्याचा देव आणि मेश्राम काकांचा मठ्ठा

मेश्राम काका देव मानत नाहीत, आत्मा मानत नाहीत आणि जीपीएसही मानत नाहीत. पण एका जर्मन हुकूमशहाचा देवधर्म या विषयावर ते पाणी न पिता दोन तास बोलू शकतात. टेक्ससमधल्या शुगर लँड गावातल्या आमच्या गल्लीत चहाला आलेले काका या विषयापर्यंत पोचले नाहीत असं एकही घर नाही. बोलणं भेंडीवरून निघो की इन्शुरन्सवरून, काका बरोबर वळण घेतात. जीपीएस न मानणारा माणूस इथे मात्र कधी रस्ता चुकत नाही.

त्या हुकूमशहाचं नाव ते तोंडाने घेत नाहीत. 'तो मिशीवाला' म्हणतात. आता काकांना स्वतःला झुपकेदार मिशी आहे, त्यामुळे नवा माणूस हमखास तिच्याकडे बघतो.

"माझी नागपूरची आहे जी," काका सांगतात. "पूर्ण आहे."

काका मूळचे नागपूरचे, तिथल्या इंदोरा वस्तीतले. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे त्रिशरण म्हणतात आणि मग दिवसभर शंका काढतात. सगळी नोकरी केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनियर म्हणून झाली. कुठे गळती झाली, आग लागली की जायचं आणि कारण शोधायचं. रिटायर झाले तरी ती खोड गेली नाही. आमचा फ्रिज बंद पडला तेव्हा मी नवीन ऑर्डर करायला निघाले होते. काका फरशीवर आडवे झाले, टॉर्च लावला आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "रूट कॉज मिळालं. प्लग निघाला आहे." वर मलाच ऐकवलं, "मंजिरी, तू फार्मसिस्ट आहेस ना? मग पेशंटची नाडी बघायच्या आधीच नवा पेशंट मागवते?"

मिशीवालासुद्धा त्यांच्या दृष्टीने एक गळतीच. "एवढा मोठा स्फोट झाला बाप्पा, तर व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला हे पाहायचं का नाही?" त्यापायी गॅरेज पुस्तकांनी भरलंय आणि गाडी बाहेर टेक्ससच्या उन्हात भाजतेय. सुमन काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "या माणसाच्या आयुष्यात मी दुसरी. पहिला तो मिशीवाला." काकू जाऊन दोन वर्षं होतील आता. त्या होत्या तेव्हा काकांची हाक आमच्या किचनपर्यंत ऐकू यायची. "सुमन, चष्मा कुठे आहे? सुमन, हे पाहा काय लिहिलं आहे यानं." दिवसभर नुसतं सुमन, सुमन. मी वैतागायचे. आता त्या घरातून काही ऐकू येत नाही.

तर काकांचा विषय. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमच्या गल्लीतले जोगळेकर श्रीखंडाची वाटी घेऊन म्हणाले, "काही म्हणा यार, आपल्याकडे त्या जर्मनासारखा एक माणूस पाहिजे. सगळे सरळ होतील. आणि श्रद्धा काय होती त्याची. आपलं स्वस्तिक घेतलं. आर्य ना शेवटी."

मी काकांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, मेले जोगळेकर.

"वाटी खाली ठेवा जी," काका शांतपणे म्हणाले. "तो मिशीवाला कोणत्या देवाला मानत होता, सांगा बरं."

जोगळेकर म्हणाले, "सूर्य वगैरे असेल."

मग काका सुरू झाले. मिशीवाला कॅथलिक घरात जन्मला आणि कागदोपत्री शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला. मतं हवी होती तेव्हा भाषणात ख्रिस्ताचं नाव, आणि पाठीमागे चर्चला शिव्या. त्याच्या हाताखालच्या एका बड्या माणसाला जुन्या जर्मन देवांचं वेड. त्याने सैनिकांच्या कॉलरवर रून म्हणजे तिकडची प्राचीन अक्षरं लावली, डोंगरावर होळ्या पेटवल्या, मडक्यांचे तुकडे मिळावेत म्हणून जमिनी खणल्या. आणि मिशीवाला खासगीत त्या सगळ्याची टिंगल करायचा. पोरं भारावतात तर भारावू देत, एवढाच त्याचा हिशेब. जे खरोखरच जुन्या देवांच्या नादी लागले होते त्यांच्यातल्या कित्येकांच्या मंडळांना टाळं ठोकलं.

"तो धर्म नव्हता जोगळेकर साहेब, ती खरेदी होती. जिथे माल स्वस्त मिळाला तिथून उचलला. थोडा चर्चचा, थोडा जंगलातल्या देवांचा, आणि तुमचं ते आर्य. स्वतःपुरती मात्र एकच श्रद्धा, की नियतीनं मलाच पाठवलं आहे. अशी श्रद्धा ज्याची असते ना, त्याच्यापासून आपण दोन हात लांब राहायचं."

तोवर श्रीखंडाचं पाणी झालं होतं. जोगळेकर आता पॉटलकला यायच्या आधी फोन करून विचारतात, मेश्राम येणार आहेत का.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एरिकचं प्रकरण निघालं.

एरिक हा काकांच्या शेजारचा. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. धिप्पाड, छातीपर्यंत दाढी, गळ्यात चांदीचा छोटा हातोडा. पणजोबा नॉर्वेहून आलेले. हा त्यांचे जुने, ख्रिस्ताच्या आधीचे देव मानतो, आणि तो हातोडा त्यातल्या गडगडाटाच्या देवाचा. त्याने मागच्या अंगणात ओकचा एक खांब उभा केला आणि त्यावर रून कोरले. कुंपणावरून खांबाचं टोक दिसायचं. कुणीतरी फोटो काढला, इंटरनेटवर शोधलं, आणि झालं. आमची एचओए, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीची कमिटीच म्हणा, तिच्याकडे तक्रार गेली की हे नाझींचं चिन्ह आहे, खांब काढा. लोक त्याच्या घरासमोरून जाताना रस्ता ओलांडायला लागले. ज्या माणसाने वादळात सगळ्या गल्लीची पडलेली झाडं कापून दिली होती, त्याच्याकडे कुणी हात हलवेना. एरिक कुणाशी भांडला नाही. त्याने घर विकायला काढायचं ठरवलं आणि एका संध्याकाळी ते काकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. डोळे लाल.

"तो चालला आहे जी. खांब घेऊन चालला. हे होऊ द्यायचं नाही."

मी काकांना एवढं हललेलं काकू गेल्या तेव्हाही बघितलं नव्हतं. मला वाटलं, विषयच त्यांच्या आवडीचा, म्हणून पेटलेत.

ऑगस्ट महिना. बाहेर नुसती वाफ. क्लबहाउसमधल्या एचओएच्या मीटिंगला लोक चड्डी-टीशर्टवर आलेले आणि काका थ्री-पीस सूटमध्ये. टाय काकूंनी निवडलेला, मरून. अध्यक्ष मिसेस कॉलिन्स घड्याळ बघून म्हणाल्या, प्रत्येकाला तीन मिनिटं. काकांची तीन मिनिटं म्हणजे नुसतं घसा साफ करणं.

पण काकांनी कमाल केली. त्यांचं इंग्रजी अजून नागपूरच्या चालीवर चालतं, आणि त्या दिवशी ते एखाद्या परेडसारखं चाललं.

"मॅडम, तुमच्या अंगणातून एक चोर गाडी चोरून नेतो. त्या गाडीखाली माणसं चिरडतो. गाडी सापडते. आता फाशी कुणाला? चोराला की तुम्हाला?"

मिसेस कॉलिन्स म्हणाल्या, "हा काय प्रश्न झाला?"

"हाच प्रश्न आहे. ही अक्षरं त्या माणसाच्या जन्माच्या शेकडो वर्षं आधीची. त्यानं ती मानली नाहीत, नुसती वापरली. माझ्या देशातलंही एक चिन्ह त्यानं असंच नेलं. आमचे लोक अजून दिवाळीत दारावर ते काढताना आधी गल्लीत कोण आहे ते बघतात. आता हे चोरीला गेलेलं सामान चोराच्याच नावावर करून टाकायचं का? मग तर तो जिंकला."

मागे बसलेल्या जोगळेकरांनी टाळी वाजवली. हो, जोगळेकरांनी. मी वळून बघितलं तर बिचारे स्वतःच दचकले होते.

"आणि तरीही तुमची भीती खोटी नाही," काका म्हणाले. "आजही काही लोक हीच अक्षरं अंगावर गोंदून द्वेष पसरवतात. म्हणून तपासायला पाहिजे. मी आयुष्यभर तपासच केला. तुमच्या तक्रारीत सगळं आहे, एक गोष्ट नाही. खांबावर लिहिलंय काय, हे कुणी त्याला विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी पण नाही. मिसेस कॉलिन्सनी एरिककडे बघितलं. तो उठला तेव्हा खुर्ची करकरली.

"नावं आहेत," तो म्हणाला. "आजी इंग्रिड. आजोबा निल्स. कॅरन, माझी आई. भाऊ टॉम, तो इराकमधून परत आला नाही. आणि..." तो थांबला. काकांकडे बघायला लागला.

काका खाकरले. "एवढा डेटा पुरे."

मिसेस कॉलिन्सनी चष्मा काढून पुसला. मत घेतलं तेव्हा खांब ठेवायच्या बाजूने सगळ्यांचे हात वर, फक्त फोटो काढणाऱ्या गृहस्थांचा खाली. नंतर ते स्वतः उठून एरिकपाशी गेले आणि त्याच्या भावाबद्दल विचारू लागले. पार्किंग लॉटमध्ये लोक काकांशी हात मिळवायला थांबले होते. काकांचा कोट घामाने चिंब आणि मिशी सरळ. मी म्हटलं, "काका, तीन मिनिटांत बसवलंत." तर म्हणाले, "अडीच. अर्धं मिनिट सुमनच्या टायची गाठ सारखी करण्यात गेलं."

गुरुवारी एरिकने मला अंगणात बोलावलं. दर गुरुवारी संध्याकाळी तो खांबासमोर बसतो, बैलाच्या शिंगातून जमलेले सगळे आळीपाळीने दारूचा एकेक घोट घेतात, आणि ज्याच्या हातात शिंग तो आपल्या एका गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतो. त्यांची रीतच ती. काका गुरुवारी वॉकला जातात, अशी माझी समजूत होती; ते इथे येत होते. काकांनी पंचशील घेतलेलं, दारू वर्ज्य. म्हणून त्यांचं वेगळं शिंग होतं आणि त्यात मठ्ठा. कोथिंबीर, मिरची, सगळं घालून.

ऊन अजून कुंपणावर होतं. एरिकने आईचं नाव घेतलं, भावाचं घेतलं. मग खांबाच्या खालच्या अंगाला हात ठेवला. तिथली अक्षरं ताजी, लाकूड अजून पिवळं.

"सुमन मेश्राम," तो म्हणाला. "मी नाइट ड्यूटीवरून यायचो तेव्हा कुंपणावरून गरम डबा द्यायची. मी जेवलो की नाही हे विचारणारी या देशात ती एकटीच होती."

काका मान खाली घालून ऐकत होते. मीटिंगमध्ये एरिक कुठल्या नावाशी अडला होता ते मला आत्ता कळलं, आणि काका सूट घालून कशासाठी लढले तेही.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तर यातलं काहीच मानत नाही."

"नाही मानत. देव नाही, आत्मा नाही. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून दिलं." काका शिंगातल्या मठ्ठ्याकडे बघत होते. "मुलगी सिएटलहून फोन करते, तर आई म्हणते. मंडळात मिसेस मेश्राम म्हणतात, तू काकू म्हणते. सुमन म्हणणारा मी एकटा. आणि रिकाम्या घरात हाक मारायची तर माझी मलेच भीती वाटते. म्हणून इथे येतो. तिला काही ऐकू जात नाही, हे मला पक्कं माहीत आहे जी." त्यांनी नाक पुसलं. "पण मी ऐकतो ना."

त्यांनी शिंग माझ्या हातात दिलं. मठ्ठ्यात मीठ अंमळ जास्त झालं होतं. मी एक घोट घेतला, आणि काकू-बिकू काही न लावता, काका पूर्वी मारायचे तशी, माझ्या किचनपर्यंत जाईल अशी हाक मारली. "सुमन." मग एरिकने मारली, आणि शेवटी काकांनी.