मरगदमच्या चपला बऱ्या झाल्या

मोठे डॉक्टर, तुम्ही एका बाईचा पाय तिला न विचारता बरा केलात. पडद्यावर बरा केलात, पाहुण्यांपुढे बरा केलात, छापून बरा केलात. तिच्या गुडघ्याखाली जो होता तेवढा राहून गेला. आम्ही तिच्या गल्लीतले, तुमचं नाव इथे घेत नाही. मन्नारगुडीच्या रस्त्याला लागून तुमची संस्था, आणि त्या रस्त्यावर तुम्हाला सगळे मोठे डॉक्टरच म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मरगदम पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवायची. तरुणपणी तिला कुष्ठरोग झाला. गोळ्या खाऊन तो कधीच गेला, पण जाताना उजव्या पायाची एक नस निकामी करून गेला. पाऊल पुढून लोंबायचं. चालताना टाचेआधी बोटं आपटायची, आणि तळव्याला काही कळत नसल्यामुळे खडा रुतला तरी रक्त बघूनच समजायचं. मशीन तर बंदच पडलं होतं. संस्थेत यावर शस्त्रक्रिया होते. पायाच्या मागचा एक स्नायुबंध पुढे आणून बांधायचा, म्हणजे पाऊल पुन्हा उचललं जातं. मरगदमला पोंगलनंतरची तारीख मिळाली होती. अट एवढीच, की तोवर तळव्याला जखम होता कामा नये. तारीख मिळाल्याच्या संध्याकाळीच तिने मशीनला तेल घातलं.

जखम होऊ नये म्हणून खास चपला. पूर्वी मिळायच्या त्या काळ्या, जाड, मागे पट्टा असलेल्या. त्या पाहिल्या की कुणाच्या हे सांगायला लागायचं नाही. देवळाबाहेर चपलांचा खच पडलेला असो, मरगदमच्या जोडीभोवती हातभर जागा मोकळी राहायची. संस्थेतल्या कयल्विळी नावाच्या इंजिनीयर पोरीला हे बघवेना. तिने नव्या चपला घडवल्या. आत तेच मऊ रबर, पण वरून मरून रंग आणि सोनेरी बक्कल. तळात एक पातळ पट्टी बसवली, पाऊल कुठे किती दाबलं जातं ते मोजून आपोआप प्रयोगशाळेच्या पडद्यावर पाठवणारी.

"अक्का, ह्या घातल्यावर कुणी वळून बघणार नाही," कयल म्हणाली होती. "माझा प्रयोग तोच आहे. बाकी मोजमाप मोठ्या डॉक्टरांसाठी."

प्रयोग इतका यशस्वी झाला की पहिल्याच लग्नात चपला चोरीला गेल्या.

लग्न शेजारणीच्या, पुष्पवल्लीच्या भाचीचं. नवरामुलगा संस्थेतलाच कारकून, त्यामुळे मंडपात संस्थेची सगळी बडी मंडळी. मरगदमने रोग झाल्यापासून पहिल्यांदा चपला कोपऱ्यात न दडवता ऐन दारात काढल्या. केळीच्या पानावर पायसम संपवून बाहेर आली तर जागा रिकामी.

"नेल्या गं कुणीतरी," ती म्हणाली.

"तुझ्या चपला कोण नेणार?" पुष्पवल्ली सवयीने बोलून गेली.

"नेल्या. माझ्या. आवडल्या म्हणून नेल्या." मरगदमला हसू आवरेना.

"हसतेस काय, येडे. घरी काय उडत जाणार आहेस?"

"थांब जरा. इतकी वर्षं देवळात निवांत हात जोडले मी. चपलांची काळजी करत देवापुढे उभं राहायचं असतं, हे आज कळलं. सगळ्या बायकांना असंच होतं?"

"सगळ्यांना. देवाकडे कोण बघतंय."

आमच्याकडे लग्नात चपला हरवल्या तर कुणी बोभाटा करत नाही. आपली गेली की मापाची दिसेल ती घालायची आणि निघायचं. ज्याची घातली तो दुसऱ्या कुणाची घालतो, आणि सगळ्यात शेवटी निघणारा अनवाणी जातो. मरगदम हसत बसल्यामुळे शेवटची ठरली. पुष्पवल्लीने आपल्या रबरी स्लिपर तिच्या पायाला केळीच्या सोपटाने बांधल्या आणि स्वतः अनवाणी चालली. गल्लीत येईस्तोवर मरगदमने भेटेल त्याला सांगितलं, माझ्या चपला चोरीला गेल्या. सांगताना मान अशी ताठ, जणू घरी सून आलीय.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली. कयल बहिणीच्या बाळंतपणाला मदुरैला गेली होती. खिडकीतल्या माणसाने संगणकात बघितलं.

"चपला हरवल्या म्हणता? नोंद तर येतेय. आज पहाटेचीसुद्धा आहे."

"येत असेल. चपला चालतायत कुठेतरी. मी इथे उभी आहे."

"अहो अम्मा, नोंद येतेय म्हणजे चपला आहेत. एका माणसाला दोन जोड देता येत नाहीत."

असं करत ती त्या बांधलेल्या स्लिपर फरफटत राहिली. सोपट जाऊन सुतळी आली. तपासणीच्या दिवशी तळव्याला एक फोड आला होता, तो तिला दिसला नव्हता आणि कळणार तर नव्हताच.

मोठ्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. हिरवी रेघ लाटेसारखी चालली होती. "बघा अम्मा. आधी टाच, मग तळवा, मग बोटं. दोन्ही पाय सारखे. रोज पहाटे भरभर फिरायला जाता. नुसत्या चपलेने पाऊल उचललं जायला लागलंय. मी जन्मात असं बघितलं नाही."

"मीपण नाही," मरगदम म्हणाली. "सर, ह्या चालणाऱ्या बाई कोण?"

"तुम्ही."

"माझा पाय इथे आहे. खाली. जरा वाकून बघा."

"मी आज बघितला तर ते एका दिवसाचं मत झालं. यंत्र सतत बघतंय."

"पण चपला चोरीला गेल्यात."

"चोरीला गेल्या असत्या," मोठे डॉक्टर समजूत घालत म्हणाले, "तर नोंद कशी आली असती?"

मरगदम बरी झाली अशी नोंद झाली. तिची तारीख दुसऱ्या एका बाईला दिली गेली. त्या बाईबद्दल मरगदमची तक्रार नाही, तिचाही पाय लोंबतच होता. शिवाय ठरलं, की पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यासमोर ह्या सर्वांत यशस्वी रुग्णाने चालून दाखवायचं.

त्या दिवशी पुष्पवल्ली सोबत होती. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायची पद्धत आहे. पाहुण्यांचे बूट, बायकांच्या सँडल, सगळी रांग मांडलेली. मरगदम सुतळी सोडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. रांगेत मरून रंगाच्या चपला होत्या. सोनेरी बक्कल.

"पुष्पा, माझ्या."

"असतील दुसऱ्या तसल्याच."

"आतली शिवण मी घातलीय. उसवली होती, कयलने माझ्याकडूनच घालून घेतली."

"मग बघतेस काय? घाल आणि चल आत. चोराला बोलवायला जाणार आहेस?"

तिने घातल्या आणि दार ढकललं. आत मोठा पडदा लागला होता. कयल परत आली होती, ती यंत्रापाशी उभी. मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत होते की यंत्राला माया नसते, म्हणून यंत्र चुकत नाही. मरगदम चालू लागली. पडद्यावरची हिरवी लाट कोसळली. टाचेचं नाव नाही, बोटं धप्पकन आपटतायत, डावीकडे सगळा भार.

"यंत्र बिघडलं," मोठे डॉक्टर ताबडतोब म्हणाले.

"नाही सर," कयल म्हणाली. "आत्ताच सुधारलंय."

तेवढ्यात बाजूच्या खोलीत पाहुण्यांचा चहा बघून डॉक्टरांच्या सौभाग्यवती निघाल्या, आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. "अहो, माझ्या चपला नाहीत बाहेर. अगंबाई, ह्या बाईने घातल्यात."

"तुमच्या?" पुष्पवल्लीने विचारलं.

"म्हणजे लग्नात माझी कोल्हापुरी गेली, तर मी ह्या घातल्या. सगळेच घालतात. इतक्या मऊ, माझे गुडघे दुखायचे थांबले. रोज पहाटे तळ्याला फेरी मारते मी."

पायाच्या चालीवर आयुष्य घालवलेल्या माणसाने घरातल्या बायकोच्या पायाकडे महिनाभर बघितलं नव्हतं.

"अम्मा, त्या कुष्ठरोगाच्या चपला आहेत," मरगदम शांतपणे म्हणाली. "माझ्यासाठी बनवलेल्या."

सौभाग्यवतींनी आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आणि मोठे डॉक्टर, तुम्ही काय केलंत? शिपायाला हळूच म्हणालात, बाईंना नळावर ने, आणि ती जंतुनाशकाची बाटली घे. नळाच्या वर तुमच्याच सहीची पाटी आहे. हा रोग बरा झालेल्या माणसाच्या चपलेने, हाताने, शेजारी बसल्याने होत नाही. त्या पाटीखाली तुमच्या घरच्या बाईने घोट्यापर्यंत पाय चोळचोळून धुतले. पाहुण्यांनी विचारलं, त्या काय करतायत. कयलने सांगितलं, आमच्याकडे चांगल्या कामाआधी पाय धुतात.

चपला मात्र कुणी परत मागितल्या नाहीत. तेवढं बरं झालं.

पाहुणे गेल्यावर कयलने जमिनीवर बसून मरगदमचा पाय मांडीवर घेतला. फोड फुटून जखम झाली होती. ती भरायला वेळ लागेल, पण भरेल, म्हणाली. मग ती तारखेचं विचारायला आत गेली आणि तोंड पाडून बाहेर आली.

"काय म्हणाले?" मरगदमने विचारलं.

"म्हणाले, प्रयोगाचा निकाल छापून गेलाय. त्यात तुम्ही बऱ्या झाल्यात. बऱ्या झालेल्या बाईला पुन्हा यादीत कसं घ्यायचं?"

"मग छापलेल्या बाईला म्हणावं, ये आणि ब्लाउज शिव," पुष्पवल्ली म्हणाली.

मोठे डॉक्टर, जखम आता भरत आलीय. मरगदम रोज सकाळी तुमच्या फाटकाशी येऊन बसते, आणि तिच्या शेजारी आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी असतं. निकाल कसा दुरुस्त करायचा ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही विचारतोय ते सोपं आहे. तिच्या शस्त्रक्रियेची तारीख कोणती? पडद्याला विचारू नका. फाटकापर्यंत या, वाकून तिचा पाय बघा, आणि तिच्या तोंडावर सांगा.