काचेमागचा अर्ज

प्राचार्य दातारांनी नवा सूचनाफलक करून घेतला, तेव्हा अमरावतीच्या त्या कॉलेजात सगळ्यांना त्यांचं कौतुकच वाटलं. जुन्या फलकावर कागद दुपारपर्यंत टिकत नसे. नोकरीची जाहिरात ज्याला आवडे, तो ती फाडून खिशात घाली, म्हणजे दुसऱ्या कोणाचा अर्ज जायला नको. ज्याला काहीच आवडत नसे, तो उरलेल्या कागदात शेंगदाणे बांधून नेई. दातारसाहेब पुण्याचे, शिस्तीचे. त्यांनी परतवाड्याहून सागवान मागवलं, चार फूट बाय तीन फुटांची पेटी करवली, तिला मुंबईची जाड काच बसवली आणि अलीगढचं कुलूप घातलं. बिजागऱ्यांचे स्क्रूसुद्धा आतून. मग नियम केले. टपालाने आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी फलकावर लागेल आणि पुरते तीन दिवस राहील. 'काच अगर कुलूप फोडणाऱ्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल' हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून काचेच्या आत लावला.

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक हेडक्लार्क सहदेवभाऊंच्या करदोड्याला. दुसरी हरवू नये म्हणून साहेबांनी ती फलकाच्या आतच, वरच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगली आणि खाली चिठ्ठी लावली, 'दुसरी किल्ली'. पंधरा दिवस सगळं कॉलेज त्या किल्लीसमोरून ये-जा करत होतं. सात प्राध्यापक पीएच.डी. होते. कोणालाही त्यात काही खटकलं नाही.

हे सगळं त्रेसष्ट सालच्या जुलैतलं. त्या वर्षी बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली होती मैना गवई. तिचा बाप देवमन बडनेऱ्याच्या जिनात कापसाच्या गठाणी उचलायचा. छप्पन साली घरादाराने बुद्धाचा धम्म घेतला, त्याच साली त्याने ठरवलं की पोरगी शाळेतून काढायची नाही. मग सात वर्षं त्याने पाठ दुखते असं एकदाही म्हटलं नाही. पण नागपूरला एम.एस्सी.चा खर्च त्याच्या पाठीच्याही पलीकडचा होता. बुधवारी अकोल्याच्या एका शिष्यवृत्ती मंडळाचं पत्र आलं. चार जिल्ह्यांत एक जागा, दोन वर्षांची फी आणि वसतिगृह. एका कॉलेजाला छापील अर्ज एकच, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का हवा, आणि शनिवारी दुपारी दोनपर्यंत अर्ज अकोल्याच्या कार्यालयात पोचला पाहिजे.

दातारसाहेबांनी अर्जावर लगेच सही केली, शिक्का मारला, मैनाला बोलावून शाबासकी दिली. मग नियमाप्रमाणे अर्ज तीन दिवसांसाठी काचेमागे लावून टाकला.

गुरुवारी सहदेवभाऊ मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला धारणीला गेले, उद्या परत येतो म्हणून. रात्री मेळघाटात पाऊस झाला, नदी रस्त्यावर आली आणि मोटारी बंद पडल्या. सहदेवभाऊ, करदोडा आणि किल्ली तिघंही पलीकडे अडकले.

शनिवारी सकाळी सात वाजता मैना फलकासमोर उभी होती. तिच्या बाजूला कॉलेजचे शिपाई सूर्यभान. बावीस वर्षांची नोकरी, मिशा पांढऱ्या, आणि दर परीक्षेला कोणती पोरगी घरून उपाशी आली हे त्यांना बरोबर ठाऊक.

"सूर्यभानभाऊ, आता कसं?" मैना म्हणाली. "मोटार साडेआठले हाये."

"थांब बापा. कुलूपवाला बलावला म्या."

जवाहर गेटजवळचा कुलूपवाला आला. त्याने तार घातली, डोळे मिटले, कान लावला. आत कट्ट असा आवाज झाला. सगळ्यांचे चेहरे उजळले. कुलूपवाल्याने हातातली अर्धी तार दाखवली. उरलेली अर्धी कुलपात राहिली होती. आता सहदेवभाऊ पोहत आले असते तरी उपयोग नव्हता.

दातारसाहेबांना घरून बोलावलं. ते दाढीचा साबण पुसत आले, फलकाकडे पाहिलं, दुसऱ्या किल्लीकडे पाहिलं आणि पुसलेला साबण पुन्हा पुसू लागले.

"काच फोडू का, साहेब?" सूर्यभानने विचारलं.

"व्यवस्थापक समितीची परवानगी लागेल. समिती सोमवारी बसते," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "शिवाय नियम आहे. जो फोडेल त्याचं नाव कमी करावं लागेल. मी स्वतः लिहिलंय ते."

मैना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सूर्यभानने तिच्याकडे पाहिलं, मग काचेतल्या नियमाकडे.

"साहेब, मले एक सांगा. पेटी फोडाले मनाई हाये. न्याले हाये काय?"

दातारसाहेबांनी चष्मा लावला आणि स्वतःचे सगळे नियम पहिल्यापासून वाचले. "नाही," ते म्हणाले. "नेण्याबद्दल नियमात काही नाही." मग त्या माणसाने जे केलं, त्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ. तो धावत कचेरीत गेला, भिंतीचे स्क्रू काढायला स्वतः पेचकस घेऊन आला आणि खुर्चीवर चढला. सूर्यभान पेटी धरून आहेत तोवर त्याने सोबतचं पत्रही लिहिलं: 'कु. गवई यांचा अर्ज पाठवीत आहे. सहपत्र एक, पेटीसह.'

कंडक्टरने पेटी पाहिली आणि दारातच हात आडवा घातला.

"हे काय हाये? सामान वर टाका."

"वर टाकली त काच फुटन. सरकारी कागद हाये अंदर."

"मंग कागद काढून घ्या."

"तेच त होऊन नाई राह्यलं!"

शेवटी पेटी मोटारीच्या पुढच्या भागात, ड्रायव्हरच्या पाठीला टेकून उभी राहिली, तोंड प्रवाशांकडे. बडनेरा मागे पडलं आणि प्रवासी वाचू लागले. वाचता न येणारे "काय लिवलं हाये वं त्यात?" असं विचारू लागले, म्हणून मैनाने उभं राहून वाचायला घेतलं. एन.सी.सी.चं शिबिर. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा. ग्रंथालयात सहायकाची जागा, मॅट्रिक पास, अर्ज सोमवारपर्यंत. जिमखान्यात सापडलेली डाव्या पायाची चप्पल.

"ग्रंथालयाचं पुन्हा वाच, बाई," मूर्तिजापूरच्या पार्बताबाई म्हणाल्या. "माह्या बहिणीचा धर्मपाल मॅट्रिक हाये. दोन वर्षं झाले, घरी बसून राह्यला."

"अन् हे खालचं कायचं हाये, शिक्क्याचं?" शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने विचारलं.

मैनाने तेही वाचलं. सूर्यभानने बाकीचं सांगितलं. ते ऐकल्यावर मोटारीत कोणी विडीसुद्धा पेटवली नाही. दोन माणसं आपणहून उठली आणि पेटी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून बसली. बोरगाव मंजूजवळ चाक पंक्चर झालं, तेव्हा ड्रायव्हरला जॅक लावायला एकट्याला ठेवलं नाही. व्यापाऱ्याने धोतर खोचलं आणि नट फिरवले. पार्बताबाई मूर्तिजापूरला उतरायच्या विसरल्याच होत्या, त्या बाजूला उभं राहून, "हात उचला रे, दोन वाजतेत!" म्हणून ओरडत होत्या.

अकोल्यात मोटार पोचली तेव्हा एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मंडळाचं कार्यालय मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. टांगेवाल्याने पेटी पाहून घोड्याचं तोंड फिरवलं. मग सूर्यभान पुढे, व्यापारी मागे, पेटी खांद्यावर, आजूबाजूला निम्मी मोटार, असे सगळे पूल ओलांडून निघाले. गल्लीत एका फुलवालीने हात जोडले आणि कोणाची मिरवणूक ते न विचारता पेटीला झेंडूचा हार घातला. तो काढायला कोणाला वेळ नव्हता.

आवक खिडकीवर केशवराव होते. पन्नाशीचे, गंभीर, कानावर टाक. दोनला दहा कमी असताना त्यांच्यापुढे हार घातलेली पेटी उभी राहिली. त्यांनी दातारसाहेबांचं पत्र दोनदा वाचलं.

"अर्ज काढून द्या."

"निंघत नाई, साहेब. कुलपात तार अडकली."

"मग असाच वाचावा लागते." केशवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं. वरून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं. "सही हाये. शिक्का हाये. पण बाई, हा अर्ज त कोरा हाये!"

सही करणारे प्राचार्य, पाच तास पेटीची राखण करणारे सूर्यभान, वाटेत तो अर्ज तीन-तीनदा ऐकलेली चाळीस माणसं, आणि विद्यापीठाच्या परीक्षेत रसायनशास्त्रात शंभरात एक्याण्णव मिळवणारी मैना, या कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं की अर्ज भरावा लागतो. सूर्यभान मटकन बाकावर बसले. "गेलं," ते म्हणाले. "सारं गेलं."

मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. पण ते ओघळायच्या आत तिने पिशवीत हात घातला. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांवर नावं टाकायची लाल मेणाची पेन्सिल गेली तीन वर्षं तिच्या पिशवीत असे.

"साहेब," ती केशवरावांना म्हणाली, "अर्ज अर्जदाराच्या अक्षरात पाहिजे, असं लिवलं हाये. कायच्यावर, ते लिवलं नाई."

केशवरावांनी काचेतून सूचना वाचल्या. बोट एकेका ओळीवरून फिरलं. "नाई लिवलं," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात मिनिटं हायेत. लिव, पोरी!"

तिने लिहिलं. नावाच्या जागेवर काचेवर नाव, गावाच्या जागेवर गाव, गुणांच्या चौकटीत गुण. कागद काचेच्या इंचभर मागे होता, त्यामुळे बाजूने पाहिलं की बापाचं नाव जन्मतारखेत शिरायचं. तिने पिशवीतल्या खडूने जमिनीवर दोन पावलं आखली आणि काचेच्या खालच्या कडेला लिहिलं, 'कृपया येथे उभे राहून वाचावे.' केशवराव त्या पावलांवर उभे राहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी शिक्का शाईत दाबला, काचेवर मारला आणि वहीत लिहिलं: 'आवक, अर्ज एक, काचेखाली. वेळ एक एकोणसाठ.' मोटारीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. केशवरावांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं आणि मग स्वतःच हसले.

पेटी मात्र परत मिळाली नाही. ती आता मंडळाच्या दफ्तरातला कागद झाली होती. सोमवारी दातारसाहेबांकडे ग्रंथालयाच्या जागेसाठी नऊ अर्ज आले, सगळे अकोल्याच्या रस्त्यावरच्या गावांतून. तोवर कॉलेजातून एकही आला नव्हता. साहेबांनी ते नऊ अर्ज सगळ्या प्राध्यापकांना दाखवले आणि मूर्तिजापूरच्या धर्मपालला ती जागा दिली.

मैनाला ही गंमत भोगता आली नाही. घरी पोचल्यावर, भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की मेणाची पेन्सिल कोरड्या फडक्याने पुसली जाते. ती स्वतः रोज पुसत असे. निवड समितीची बैठक तेवीस दिवसांनी होती, आणि सरकारी काय, खाजगी काय, कार्यालयात रोज सकाळी फडका फिरतोच. तेवीस दिवस तिला नीट झोप लागली नाही. देवमनला तिने काही सांगितलं नाही.

अठराव्या दिवशी मुलाखतीचं पत्र आलं. सूर्यभान रजा टाकून सोबत गेले. समितीच्या खोलीबाहेर पेटी भिंतीला टेकून उभी होती. हार सुकला होता, सागवान लख्ख पुसलेलं होतं, काचही आरशासारखी स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छ काचेवर मैनाचं एकेक लाल अक्षर जसंच्या तसं होतं. मात्रा, वेलांटी, पूर्णविरामसुद्धा. समितीचे पाचही सभासद आळीपाळीने, तिथे नव्याने आखलेल्या खडूच्या पावलांवर उभे राहून अर्ज वाचून गेले. आत मैनाला रसायनशास्त्रावर वीस मिनिटं विचारलं, आणि तिने वीसही मिनिटं उत्तरं दिली. अध्यक्षांनी तिथेच सांगितलं की जागा तिची.

ती बाहेर आली तेव्हा पेटीपाशी एक म्हातारी बाई उकिडवी बसली होती. कार्यालयात झाडू-फडका करणारी गोदाबाई. तर्जनीला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळून ती 'मैना' मधल्या दोन अक्षरांच्या मधली जागा पुसत होती, श्वास रोखून, अक्षराला धक्का न लावता.

"मावशी, तुमी रोज असं पुसता?" मैनाने विचारलं.

"मंग? साहेब म्हणते काच चकचकीत पाह्यजे. मले वाचता येत नाई, कामाचं कोणतं अन् बिनकामाचं कोणतं, काय माईत. म्हणून सारंच ठेवलं." गोदाबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तूच का वं ते? झालं तुहं काम?"

"झालं, मावशी."

गोदाबाईने बोटाची चिंधी सोडली, कंबरेचा मोठा फडका काढला आणि बादलीत बुडवून पिळला.

"मंग आता पुसू काय?"