तात्यांच्या कांडवेलीची राखण

"तात्या, तुम्ही खुशाल तुरुंगात जा! वेल माझ्याकडे लागली!" हेरंबने छाती ठोकून सांगितलं.

लालबागच्या त्या चाळीत तात्या एकटेच राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात उद्या अटक करून घ्यायची, हे त्यांचं ठरलेलं. काळजी होती ती फक्त कांडवेलीची. रॉकेलच्या डब्यातली ही वेल कठड्यावर अशी चढली होती, की जणू कुणी चौकोनी हिरव्या पेन्सिली टोकाला टोक लावून टांगल्यात! तिचा लेप लावून तात्यांनी अर्ध्या चाळीची मोडलेली हाडं सांधली होती. हेरंबचा उजवा हात त्यातलाच. त्याच हाताने तो कचेरीत लेखणी चालवून पोट भरत होता. उपकार विसरणार कसा? तात्या लेप मागेल त्याला देत, वेलीचं कांडं मात्र कुणालाच नाही.

"आठवड्याला एक पेला पाणी," तात्यांनी बजावलं. "लाड केलेस तर मरेल."

तात्यांना वीस दिवसांची शिक्षा झाली आणि चाळीला भरून आलं. आपले तात्या महाराष्ट्रासाठी आत, आणि त्यांची वेल तहानलेली? शेजारच्या सुंदराबाई आंघोळ झाली की तांब्या ओतत. गिरणीतून सुटलेला गुणाजी कळशी ओती. हेरंबची बायको पद्मजा तांदळाचं धुवण घाली. कुणी कुणाला सांगत नव्हतं. पुण्य काय सांगून करायचं असतं?

आठव्या दिवशी वेल पिवळी पडली. "सुकली बिचारी!" म्हणत हेरंबने बादली ओतली. बाराव्या दिवशी ती उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी मऊ झाली. सतराव्या दिवशी कठड्यावरून सुटली ती थेट खालच्या दूधवाल्याच्या हंड्यात!

"आता तात्यांना काय तोंड दाखवू?" हेरंब सुंदराबाईंच्या दारात रडकुंडीला आला.

सुंदराबाई घुटमळल्या. आत गेल्या, आणि पदराआडून तुपाचा रिकामा डबा घेऊन आल्या. डब्यात कांडवेलीचं एक ठसठशीत कांडं, त्याला नवा फुटवा!

"हे कुठून आलं?"

"आलं," सुंदराबाई आढ्याकडे बघत म्हणाल्या. "तात्या गेले त्याच दुपारी. माझे गुडघे कसे आहेत, माहीत आहे ना तुला?"

हेरंब गुणाजीकडे धावला.

"माका काय इचारतंस?" गुणाजी उसळला. "सुंदराबायन दोन नेल्यान, मी एकच!" आणि त्याने मागच्या खिडकीतली फुटकी किटली पुढे केली.

संध्याकाळपर्यंत आठ चोर कबूल झाले, नऊ कांडी निघाली. दहावं कांडं हेरंबच्याच घरात, मोरीच्या खिडकीत निघालं!

"अगं, तूसुद्धा?"

"तुमचा हात पुन्हा मोडला तर?" पद्मजा म्हणाली.

"याला पाणी घालायचीस?"

"चोरीच्या रोपाला चारचौघांत पाणी कोण घालतं हो?"

तात्या सुटून आले, गळ्यात हार. कठड्यावर दहा डबे रांगेत उभे. हेरंबने कान धरून सगळं सांगितलं. तात्या एकेका डब्यावरून हात फिरवत गेले. मग डोळे पुसत म्हणाले, "मी गेल्यावर हिचं काय होईल, हा घोर होता रे. मीच मूठ आवळून बसलो होतो. चोरांनो, तुमचे उपकार कसे फेडू?"

सुंदराबाई रडल्या. गुणाजी नाक ओढायला लागला. हेरंबच्याही जिवात जीव आला.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा सत्याग्रहींची तुकडी निघणार आहे," तात्या म्हणाले. "हेरंबा, या खेपेला तूही माझ्याबरोबर आत चल."

"मी? आणि वेलींकडे कोण बघणार?"

"म्हणूनच तर म्हणतो!"