निळ्या विटांची चूल

चूल बांधायला लागतं काय? विटा, माती आणि एक पदवीधर माणूस. विटा-माती कुठंही मिळते आणि पदवीधर आमच्या घरात मी आहेच, असं मी माझ्या बायकोला, प्रतिमाला, भर मे महिन्यात ऐकवलं. मी मलकापूरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. वीस वर्षं लोकांच्या फायली सरळ लावल्या. त्या माणसाला चार विटा सरळ लावता येणार नाहीत, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

चूल हवी होती आईसाठी. आई, म्हणजे अंबूबाई, सात वर्षांपूर्वी गावचं घर सोडून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सगळं सामान टेम्पोत टाकलं आणि एकच वस्तू तिनं मांडीवर घेऊन आणली. मांड्यांचं खापर. मातीचं, पालथ्या घमेल्याएवढं. त्याच्यावर पुरणाचे मांडे होतात, हातरुमालाहून रुंद आणि जवळजवळ तितकेच पातळ. पण खापर गॅसवर बसत नाही, त्याला खालून दणदणीत जाळ लागतो. त्यामुळे ते सात वर्षं पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडलं होतं. आई कधी तक्रार करत नसे. मांड्यांचा विषय निघाला की एवढंच म्हणे, "आता कुठचे मांडे. हात इसरले असतीन माहे." ते ऐकलं की मला फार वाईट वाटायचं.

म्हणून यंदा मी आधी सासऱ्यांना फोन केला आणि मग चुलीचा विचार सुरू केला. "मामा, येत्या रविवारी जेवायला या. आईच्या हातचे मांडे, माझ्या हातची चूल."

"दोन्ही खाऊन पाह्यतो," सासरे म्हणाले. त्यांचं नाव रंगराव. गावचे माजी सरपंच. बोलायला मोकळे, म्हणजे आधी बोलतात आणि मग लागलीच तर विचार करतात.

विटा सासुरवाडीतच दिसल्या होत्या. धामणगाव बढ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. मी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा जावई, घरामागे आधी कधी फिरकलो नव्हतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा घरामागे जुन्या विटांची रास रचून ठेवलेली होती. वाजवून पाहिली, खणखणीत. एका अंगाला निळा रंग, तोही झकास. सासरे नेहमीप्रमाणे कुठल्या तरी लग्नाला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "घिऊन जा न जावईबापू, तशाच पडून हायेत." त्या विटा आधी कशाच्या होत्या, हे मी विचारलं नाही. जुन्या विटेला तिचं पूर्वायुष्य विचारू नये असं माझं मत होतं. आता नाही.

बियाणं न्यायला त्यांची ट्रॉली रिकामीच मलकापूरला येणार होती, तिच्यातून विटा आल्या. उतरवताना प्रतिमानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्याच विटा हव्यात का?"

"ह्याच. जुनी वीट पक्की असते."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली. 'बरं' म्हणजे बरं नव्हे, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. पण मी मोबाइलवर चुलीचा व्हिडिओ लावून बसलो होतो.

पहिली चूल मी मागच्या अंगणात सिमेंटमध्ये बांधली. दिसायला बँकेच्या लॉकरसारखी भक्कम. पेटवली तर सगळा धूर सरळ स्वयंपाकघरात. आई पदर नाकाला लावून बाहेर आली. "तोंड वाऱ्याकडं केलं व्हय रे? चूल हाये का धूर मारायचं यंत्र?" फोडली. दुसरी चूल मी मातीत बांधली, तोंड बरोबर पूर्वेला. पण मापं व्हिडिओतली होती आणि व्हिडिओतली बाई कोकणातली असावी, कारण तिच्यावर भाताचं पातेलं छान बसलं असतं. खापर ठेवल्याबरोबर घसरून माझ्या पायावर आलं. खापर शाबूत राहिलं. घरात सगळ्यांनी आधी खापर पाहिलं.

मग आईनं पदर खोचला. पांढरी माती चाळली, तिच्यात शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, कालवलं, आणि मला म्हणाली, "तू फक्त इटा दे." मी विटा दिल्या. तिनं दीड दिवसात चूल उभी केली, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैलही काढलं, आणि हातानं सारवून अशी गुळगुळीत केली की वाटावं तिथंच जन्मली. मी एवढंच सुचवलं की समोरून निळ्या बाजू बाहेर राहू दे, शोभा येते. आईनं ते ऐकलं. थोडक्यात, चुलीत माझ्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी उरल्या, विटा आणि त्यांचा निळा रंग. नेमकं तेच नडलं.

रविवार उजाडला. आईनं चुलीला हळदीकुंकू वाहिलं, वैलावर दूध उतू घातलं. पुरण वाटून तयार. वस्त्रगाळ पिठाची कणीक तिनं पहाटेपासून आपटून आपटून अशी केली होती की ओढाल तिकडे येईल. आमरस प्रतिमानं काढला. आई सकाळपासून तीनदा मला विनाकारण "नीळकंठ बाळा" म्हणाली. एवढी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या वेळीही पाहिली नव्हती.

बाराच्या सुमारास सासरे आले. सोबत त्यांचे दोस्त नारायणराव. पंचायतीच्या कामावरून निवृत्त झालेले अधिकारी, शांत, बारीक चष्म्याचे. "मांड्याचं नाव काढलं अन् हे गाडीतच बसले," सासऱ्यांनी ओळख करून दिली. हातपाय धुऊन दोघं मागच्या अंगणात आले. आई पाटावर बसली होती. खापर तापलं होतं. पुरण भरलेला पहिला उंडा तिनं हातात घेतला होता.

सासऱ्यांनी चुलीकडे पाहिलं. वाकून पाहिलं. आणि बसस्टँडवर जुना वर्गमित्र भेटावा तसे खुलले.

"अरे! ह्या तं आपल्या संडासच्या इटा."

आईनं उंडा परत ताटात ठेवला.

"काय म्हनले इवाही?"

"नाही गं," मी घाईनं म्हणालो. "त्या बांधकामातून उरलेल्या, कोऱ्या असतील."

"उरलेल्या कशाच्या जावईबापू? निळा रंग म्या सोता मारला. थांबा, फोटू दाखोतो." आणि त्यांनी मोबाइल काढला. फोटोत निळ्या भिंतीसमोर सासरे उभे. गळ्यात हार, हातात पाटी, 'आदर्श स्वच्छ कुटुंब'. ही पाटी त्यांच्या बैठकीत देवांच्या फोटोंच्या वर लावलेली आहे. "आता घरातच नवा केला न, फरशीचा. म्हनून हा पाडला," असं सांगत त्यांनी तो फोटो मला दाखवला, नारायणरावांना दाखवला आणि शेवटी आईच्या नाकासमोर धरला.

आई उठली. ओरडली असती तर परवडलं असतं. ती पायरीवर जाऊन बसली, हाताचं पीठ पदराला पुसलं आणि म्हणाली, "प्रतिमा, गॅस पेटव. साध्या पोळ्या टाक."

सात वर्षांनी तिचे हात खापरापर्यंत पोचले होते आणि माझ्या हौसेनं ते परत फिरवले होते. मी तिच्यापाशी जाऊन बसलो.

"आई, वीट भट्टीत भाजलेली असते. अग्नीत सगळं शुद्ध होतं."

"इटा आधी भट्टीत गेल्या, मंग तिकडं गेल्या. उलटं असतं तं चाललं असतं."

भरलेला उंडा फार वेळ ताटात राहिला की ओढताना फाटतो, हे मला ठाऊक होतं. खापराखालचा जाळ बसत चालला होता.

नारायणरावांनी घसा साफ केला आणि सवयीनं विचारलं, "रंगराव, वापर किती होता?"

"रोजचा!" सासरे छाती काढून म्हणाले. "कुटुंबातील सर्व सदस्य नियमित वापर करतात. तसं लिवलंच हाये पाटीवर."

एकेका शब्दागणिक मांडे लांब जात होते. मी सासऱ्यांना हाताला धरून कपडे धुण्याच्या दगडामागे नेलं.

"मामा, खरं सांगा. तुम्ही कधी गेला होता त्यात?"

"जावईबापू, हे काय इचारनं झालं?"

"पुरण निवतंय मामा."

त्यांनी नारायणरावांकडे पाहिलं. मग पुरणाच्या पातेल्याकडे पाहिलं. मग आमरसाकडे. "हलकं बोला," ते कुजबुजले. "पाटीची शिफारस त्याच मानसानं केली. त्याच्यासमोर कसं सांगू? लोक मले भाषनाले बोलावत होते त्या पाटीपायी. इज्जतीचा सवाल हाये."

"आणि माझ्या आईनं सात वर्षं वाट पाहिली."

सासरे तसेच वळले, पायरीपाशी गेले आणि आईसमोर हात जोडून उभे राहिले.

"इहीनबाई, आता खोटं नाई बोलत. अकरा वर्सं तो संडास उभा होता, पन म्या त्यात पाय नाई टाकला. मले पांदनीनं, उघड्यावर गेल्याबिगर जमतच नाई. दाराच्या आत खुटीले फवारनीचा पंप टांगेल राहे, तो हात घालून काहाडो. बस, तेवढाच वापर."

"अन् घरचे?" आईनं विचारलं.

"घरचं कोनीच नाई. माह्या घरात मले माहीत नाई असं काईच होत नाई. ह्या अन्नाची आन."

प्रतिमाला ठसका लागला. ती आमरसाचं पातेलं उचलून आत गेली.

आता सगळे नारायणरावांकडे पाहू लागले. पाटीच्या शिफारशीवर सही त्यांची होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी अहवालात 'दरवाजा सुस्थितीत आहे' एवढंच लिवलं होतं," ते म्हणाले. "दरवाजा सुस्थितीतच होता. आता मी निवृत्त आहे. ताई, तुमची चूल इझून राह्यली."

आई उठली. ती एवढ्या लवकर मानेल असं मला वाटलं नव्हतं. मी तर अजून दोन-तीन शास्त्राधार शोधून ठेवले होते. तिनं चुलीवर पाणी शिंपडलं, पुन्हा कुंकू लावलं आणि म्हणाली, "पऱ्हाटी आन." मी कापसाच्या वाळक्या काड्यांचा भारा आणून टाकला. जाळ उठला. तिनं उंडा हातावर घेतला, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत टाकत तो वाढवत नेला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, आणि अलगद खापरावर सोडला. कुठंही फाटला नाही. हात काही विसरले नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मला त्या क्षणी माझ्या चुलीबद्दल, सासऱ्यांबद्दल, सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटलं.

सासरे चार मांडे जेवले. ओझं उतरवलेल्या माणसाला भूक लागते. नारायणरावांनी तीन खाल्ले आणि चौथ्याला "आग्रह नको" म्हणत तोही खाल्ला. जाताना सासरे म्हणाले, "पाटी काहाडून टाकतो आता बैठकीतून." नारायणराव म्हणाले, "राहू द्या, भिंतीवर डाग दिसंन."

चारच्या सुमारास मी आणि प्रतिमा अंगणातल्या नळावर भांडी घासत होतो. पलीकडे आई निखाऱ्यावर संध्याकाळच्या भरतासाठी वांगं भाजत होती. मी खुशीत होतो.

"पाहिलंस? मामांकडून खरं वदवून घेतलं. सोपं काम नव्हतं."

"कुठलं खरं?" प्रतिमा म्हणाली.

"त्यांच्या घरात कोणी तो संडास वापरला नाही, हे."

तिनं पातेलं बाजूला ठेवलं. "मग मी दिवाळीला माहेरी जाते, तेव्हा काय पांदणीनं जाते?"

मी नळ बंद केला.

"आणि तुझी आई?"

"आईनंच हट्ट करून बांधून घेतला तो. बाबा सात वाजता उठतात. आम्हा बायकांचं पाचलाच उरकलेलं असायचं. त्यांना कधी कळलंच नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही."

"अकरा वर्षं?"

"रोज. उलट तो पंपच आम्हाला अडचण व्हायचा."

मी चुलीकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवला. तीन मांडे होते आत. "मग विटा उतरवल्या तेव्हाच तू का नाही बोललीस?"

"विचारलं होतं, ह्याच हव्यात का. तुम्ही म्हणालात, जुनी वीट पक्की असते."

"हळू बोल," मी म्हणालो. "आईला कळलं तर आत्ताच्या आत्ता चूल फोडेल."

"त्यांना नवीन काय कळायचंय? माझ्या भावाच्या, सोहमच्या लग्नाला त्या आठ दिवस राहिल्या होत्या आमच्याकडे. त्या संडासात जाताना टमरेल रोज मीच भरून द्यायचे."

मी मान वळवली. आई वांगं उलटवत होती. तिचे कान सत्तरीतही शाबूत आहेत, हे मी मघाशी सांगायला हवं होतं.

"काय पाहून राह्यला बे?" तिनं विचारलं. "इवायाले खरं बोलाचं होतं, तो बोलला. मले मांडे कराचे होते, म्या केले. तुले काय कराचं हाये?"

वांग्याचा वास फार चांगला येत होता.

"मला भरीत खायचंय," मी म्हणालो.

"मंग पऱ्हाटी घाल."

मी घातली.