खुर्चीपासून पंचवीस मीटर

कोटेशनरावांना आजवर एकाही दुकानदाराने फसवलेलं नाही. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं, आणि ते दिवसातून निदान दोनदा ते म्हणतातच. कचेरीच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस! टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलेलं. कशाचीही तीन कोटेशनं मागवायची, तक्ता आखायचा, दर नगाला, दर किलोला, दर फुटाला कोण स्वस्त ते काढायचं आणि खाली सही ठोकायची. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो ते नव्या कारकुनांना कानात सांगावा तसा सांगत. "विकणाऱ्याला आपली गरज कधी सांगायची नाही! गरज कळली की भाव चढलाच समजा!"

तर त्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, घरात सहा खुर्च्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या बायकोचा उद्योग तो. जुन्या खुर्च्या आणायच्या, आतल्या स्प्रिंगा बदलायच्या, काथ्या भरायचा, वर नवं कापड ताणून बसवायचं आणि कडेने पितळी खिळे ठोकायचे. नऊ वर्षं ती मागच्या खोलीत हे करत होती. आज एक खुर्ची, महिन्याने दुसरी. आणि आता एका हॉटेलाने चाळीस खुर्च्यांचं काम काढलं होतं! नमुन्याच्या सहा खुर्च्यांचे फोटो पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते. पाचला त्यांची बैठक होती, भिंतीएवढ्या पडद्यावर फोटो दाखवणार होते, म्हणून मोबाइलवरचे पाठवू नका असं त्यांनी बजावलं होतं. काम मिळालं तर ती रीतसर गाळा घेणार होती, मदतीला दोन बायका ठेवणार होती. गेले आठ दिवस तिला धड झोप नव्हती.

बारा वाजता ती पिशवी घेऊन निघाली.

"अहो, मी चारपर्यंत येते. खुर्च्यांवर बसू नका. आणि कॅमेऱ्याला हात लावू नका!"

"मी कशाला लावतोय!"

ती कोपऱ्यावर वळली नसेल, तोवर यांनी हात लावला. हेतू वाईट नव्हता हो! आल्यावर तिची धावपळ नको, आपण जरा पुसूनबिसून ठेवू. आत धूळ असेल म्हणून फुंकर मारायला त्यांनी लेन्स काढली. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात लेन्स, आणि तेवढ्यात शिंक आली! एक नाही, दोन! डोळे उघडले तेव्हा डावा हात रिकामा होता आणि लेन्स तिसऱ्या खुर्चीखाली गडगडत चालली होती.

उचलून पाहिली. काचेला आडवी चीर गेलेली. रिंग फिरवली तर दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. कोटेशनराव मटकन खुर्चीवर बसले, आणि चटका बसल्यासारखे उठले. नऊ वर्षांत तिने कशासाठीही त्यांच्यापुढे हात पसरला नव्हता, आणि पहिल्यांदा मोठं काहीतरी दारात आलं तर यांची शिंक आडवी!

पण माणूस कुणाचा? खरेदी विभागाचा! "लेन्स म्हणजे काय, वस्तूच ना? तासाभरात दुसरी आणतो. तिला कळणारसुद्धा नाही!" असं ते खुर्च्यांना म्हणाले, कॅमेरा बायकोच्या फुलाफुलांच्या पिशवीत घातला आणि निघाले.

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागे एक शांत गृहस्थ चष्मा पुसत बसले होते.

"लेन्स दाखवा."

"कसले फोटो काढायचेत?"

कोटेशनराव मनातल्या मनात हसले. आला बघा मुद्द्यावर! "ते राहू द्या. माल दाखवा."

"तसं नाही साहेब, घरातले काढायचे, लग्नातले, पाखरांचे? त्यावर ठरतं."

"तुम्ही तीन दाखवा. मी ठरवतो."

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि तीन मांडल्या. एक कोरी, एक वापरलेली पण स्वच्छ. दोन्हींवर अठरा ते पंचावन्न लिहिलेलं, मोडलेल्या लेन्सवर होतं अगदी तेच. तिसरी कपाटाच्या वरच्या फळीवरून निघाली. हातभर लांब, काळी, जाड. तिच्यावर पाचशे लिहिलेलं.

"पाचशे काय?"

"मिलिमीटर. पण ही साहेब तशी..."

"कॅमेऱ्याला बसते का?"

"बसते हो, पण..."

"भाव सांगा फक्त!"

कोटेशनरावांनी खिशातून कागद काढून तक्ता आखला. पहिलीचा भाव भागिले पंचावन्न. दुसरीचा भाव भागिले पंचावन्न. तिसरीचा भाव भागिले पाचशे. आकडा बघून त्यांना स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना! दर मिलिमीटरला ही चौथ्या हिश्शाने पडत होती! आणि हा येडा माणूस ती वरच्या फळीवर लपवून ठेवत होता!

"हीच द्या."

"बघा बरं का. विकलेला माल परत घेत नाही. एकदा सांगा तरी, काढायचंय काय?"

"बांधा," कोटेशनराव म्हणाले.

दोनला ते घरी पोचले. लेन्स कॅमेऱ्याला खट्‌कन बसली. पहिल्या खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी डोळा लावला. आत नुसतं धुकं. रिंग फिरवली, अजून धुकं. एक पाऊल मागे घेतलं, दोन घेतली, पाठ भिंतीला टेकली. धुक्यातून एक पिवळा गोळा वर आला. तो पितळी खिळा होता. खुर्चीवर ऐंशी खिळे, त्यातला एक, तोही अर्धा!

"असं कसं? खुर्ची कुठे गेली?"

ते दाराबाहेर गेले, जिन्यासमोरच्या जागेत उभे राहिले. आता चार खिळे दिसले. समोरचं दार एका निवृत्त मेट्रनबाईंचं. पस्तीस वर्षं अख्खं इस्पितळ धाकात ठेवलेली बाई. यांनी बेल दाबली.

"मेट्रनबाई, जरा तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहू?"

"कशासाठी?"

"काम आहे."

बाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं, पण आत घेतलं. दोन्ही घरांची दारं सताड उघडी, हे त्यांच्या ओट्याला पाठ लावून उभे, आणि एवढं करून खुर्चीचा एक पाय हाती आला. पाय मात्र छान आला होता, यात वाद नाही.

घड्याळात पावणेतीन. कोटेशनरावांनी पुन्हा कागद काढला. इतक्या अंतरावरून इतकी खुर्ची, तर सगळी खुर्ची किती अंतरावरून? उत्तर आलं पंचवीस मीटर. पंचवीस मीटरचं घर कुणाच्या बापाचं असतं! आणि मग त्यांची नजर मेट्रनबाईंच्या खिडकीतून नव्हे, आपल्या बाल्कनीतून पलीकडे गेली. रस्त्यापलीकडची इमारत. तिची गच्ची. बरोब्बर पंचवीस मीटर!

"मेट्रनबाई, तुम्ही एक करा. बाल्कनीत टीपॉय ठेवून त्यावर एकेक खुर्ची चढवा. कठड्याच्या वर दिसली पाहिजे. मी फोनवर सांगत राहतो."

"तुमच्या बायकोला माहीत आहे का हे?"

"तिलाच तर कळायला नकोय!" म्हणाले, आणि जिना उतरलेसुद्धा.

समोरच्या इमारतीच्या वॉचमनने अडवलं. "कुणाकडे?"

"गच्चीवर."

"कशाला?"

"काम आहे," कोटेशनराव इतक्या साहेबी आवाजात म्हणाले की वॉचमनने बिचाऱ्याने वाट दिली. तो मागून वहीत काहीतरी लिहीत होता, ते यांनी पाहिलं नाही.

साडेतीन. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून, फोन बाजूला ठेवून, कोटेशनरावांनी नेम धरला. पलीकडे मेट्रनबाईंनी पदर खोचून पहिली खुर्ची टीपॉयवर चढवली. दिसली! अख्खी दिसली! पण लेन्स अशी की श्वास घेतला तरी खुर्ची पाळण्यासारखी डोलायची.

"थोडी डावीकडे वळवा! अहो तुमच्या डावीकडे नव्हे, माझ्या!"

"मला ओरडायचं नाही!" फोनमधून आवाज आला.

"कोपर काढा! कोपर येतंय तुमचं!"

"मी सोडली तर ती खाली रस्त्यावर जाईल. सोडू?"

"नको!!"

चौथ्या मजल्याच्या उंचीवरून खाली जाणारी खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढे तरळली. चार वाजले. गच्चीवरून नऊ फोटो झाले होते. सात धुक्यातले, दोन कोपरासकट. फोनवर दुसरा कुणाचा तरी फोन येत असल्याची टुकटुक मघापासून चालली होती, पण हात मोकळा कुठे होता? आणि मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

"काय चाललंय?"

मागे वॉचमन, आणि त्याच्यापुढे या इमारतीचे सेक्रेटरी. दणकट गृहस्थ, चेहरा लालबुंद.

"लोकांच्या घरांत दुर्बीण लावतोस? बायकामुलं राहतात समोर! आण तो कॅमेरा!"

"दुर्बीण नाही, लेन्स आहे! मी खुर्चीचे फोटो..."

सेक्रेटरींनी फोटो पाहिले. खिळा. अर्धा खिळा. पाय. कोपर.

"हे काय आहे?"

"खुर्ची."

"कशासाठी?"

कोटेशनरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ते तुम्हाला काय करायचंय?"

झालं! सेक्रेटरींनी कॅमेरा काखेत मारला आणि वॉचमनला सांगितलं, "गच्चीच्या दाराला कडी घाल. पोलिसांना फोन करतो."

तेवढ्यात कठड्यावरचा फोन वाजला. बायको! मेट्रनबाईंचा फोन कधी बंद झाला होता कोण जाणे. समोरच्या बाल्कनीत, टीपॉयवरच्या खुर्चीशेजारी, ती उभी होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात एक छोटा खोका.

"कॅमेरा कुठाय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे. म्हणजे, सेक्रेटरींकडे."

"आणि तुम्ही?"

"समोर. वर बघ."

तिने वर पाहिलं. पंचवीस मीटरवरून, कुठल्याही लेन्सशिवाय, कोटेशनरावांना तिचा चेहरा स्पष्ट दिसला.

"अहो, सव्वाचार झालेत! जुनी लेन्स कालपासून अडकत होती म्हणून मी दुसरी आणायला गेले होते! लेन्स माझ्या हातात आहे आणि कॅमेरा तुम्ही घेऊन गच्चीवर बसलाय!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तीन कोटेशनं मागवली असती! पुढच्या महिन्यात आली असती लेन्स!" आणि ती रडायलाच लागली.

त्या रडण्याने कोटेशनरावांचं सगळं गळून पडलं. ते सेक्रेटरींकडे वळले, हात जोडले, आणि बावीस वर्षांत कुठल्याही माणसाला सांगितली नव्हती तशी आपली गरज घडाघडा सांगून टाकली. शिंक सांगितली, चीर सांगितली, मिलिमीटरचा भागाकार सांगितला, चाळीस खुर्च्या सांगितल्या, गाळा सांगितला, पाच वाजता बैठक आहे हे तीनदा सांगितलं. "माझ्यावर खटला भरा, हवं तर मला इथेच कोंडून ठेवा, पण तेवढा कॅमेरा तिला नेऊन द्या हो! नऊ वर्षं वाट पाहिलीय तिने!"

सेक्रेटरींचा राग हळूहळू उतरला. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? पळा! वॉचमन, लिफ्ट धर!"

कोटेशनराव कॅमेरा घेऊन जे सुटले ते थेट घरात. मेट्रनबाईंनी खुर्च्या पुन्हा भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. बायकोने कॅमेरा ओढून घेतला, ती काळी तोफ काढून यांच्या हातात दिली, नवी आणलेली बसवली आणि एकेक खुर्ची टिपत गेली. समोरून, बाजूने, जवळून. दहा मिनिटांत सहा खुर्च्या! मग फोटो संगणकावर चढेनात. मग चढले, तर जाईनात. कोटेशनराव तोफ पोटाशी धरून कोपऱ्यात उभे होते. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी फोटो गेले.

पाच वाजले. सव्वापाच. साडेपाचला फोन वाजला. बायको "हो... हो... चालेल," एवढंच म्हणाली, फोन ठेवला आणि पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर स्वतः बसली.

"चाळीसच्या चाळीस," ती म्हणाली. "सोमवारी आगाऊ रक्कम देतायत."

मेट्रनबाईंनी तिची पाठ थोपटली आणि "या माणसाला जरा सांभाळ" असं सांगून त्या आपल्या घरी गेल्या. कोटेशनरावांचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने, वातावरण जरा निवळलंय असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "ही लेन्स... कुठून आणलीस?"

"चौकातल्या दुकानातून. आधी गावातली बाकीची दुकानं पालथी घातली, शेवटी तिथे मिळाली. वापरलेली आहे, पण छान आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, खुर्च्यांचं, पाच वाजताचं. त्यांनी झटकन हातात दिली, भावही आपणहून उतरवला, आणि स्वतःची खुर्ची मढवायला द्यायची म्हणाले."

"अरे वा," कोटेशनराव क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि सांगत होते, दुपारी एक विचित्र माणूस येऊन गेला म्हणे. काय हवंय ते शेवटपर्यंत सांगेना. शेवटी जी चार वर्षं कुणी घेत नव्हतं ती लेन्स घेऊन गेला. हातात फुलाफुलांची पिशवी होती म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं. तिथूनच तुम्हाला फोन लावत होते मी, तर सारखा एंगेज!"

कोटेशनरावांनी तोफ पाठीमागे लपवली. "मग? तू काय म्हणालीस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"आणि?"

बायकोने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"मी म्हटलं, नाही हो. आमच्यात असलं कुणी नाही."